वारसाने आलेली दुनळी: काडतूस घालण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या घरात आजोबांच्या नावावरची बारा बोअरची जुनी दुनळी आहे, बहुधा विलायती. आजोबा वारले. नातू नोकरीला कोल्हापुरात. बंदूक नावावर कशी करायची, ती चालवण्यालायक आहे का, किती जुनी नि किती मोलाची, पूर्वीसारखी तित्तर-लाव्यांसाठी वापरता येईल का, आणि नळीवर तांबूस गंज आलाय तो घासून काढायचा का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण घाई तिथेच होते. घासू नका. काचपेपर, एमरी, तारेचा ब्रश यातलं काहीही नळीला लावायचं नाही. जुन्या इंग्लिश नळीवरचा काळपट रंग वरून फासलेला नसतो. पोलादावर मुद्दाम बारीक गंज चढवायचा, नळी उकळायची, पुसायची, हेच पुन्हापुन्हा करून तो थर बसवलेला असतो. तो खरवडला की बंदुकीचं निम्मं मोल गेलं असं समजा. ‘नव्यासारखी काळी करून देतो’ म्हणणारे तर त्याहून घातक. ते नळ्या गरम कॉस्टिकच्या हौदात बुडवतात. दोन्ही नळ्या आणि त्यांच्यामधली पट्टी कथील-शिशाच्या झाळेने जोडलेली असते. कॉस्टिक ती झाळ खातं, क्षार पट्टीखाली अडकतो आणि पुढे नळी आतल्या बाजूने, न दिसता सडत जाते. निकेल चढवणं हाही तसलाच शहाणपणा.

भुकटीसारखा तांबडा गंज असेल तर पातळ मशीन ऑइल लावून रात्रभर राहू द्या आणि सकाळी सुती फडक्याने पुसा. उरलेल्या ठिपक्यांवर तेलात भिजवलेली चार शून्यांची, म्हणजे सगळ्यात बारीक, स्टील वूल हलक्या हाताने फिरवा. फडक्याकडे लक्ष ठेवा. तांबडं येतंय तोवर गंज निघतोय. काळं यायला लागलं की रंग निघतोय, तिथेच हात थांबवायचा. खोबरेल किंवा गोडेतेल लावू नका, ते कालांतराने चिकट होऊन खिट्ट्या जाम करतं.

पण हे करायलाही बंदूक तुमच्या ताब्यात कायदेशीर हवी, आणि या घडीला ती तशी नाही. परवाना माणसाचा असतो, घराण्याचा नव्हे. परवानाधारक गेला की बंदूक घरात ठेवायचा आधारच संपतो. शस्त्र कायदा १९५९ चं कलम २१ सांगतं की अशी बंदूक विनाकारण उशीर न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. ‘नूतनीकरणाची तारीख अजून दोन वर्षं लांब आहे’ म्हणून कपाटात राहू देणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. दुसरी चूक म्हणजे दिवसकार्य आटोपल्यावर कुणीतरी ती डिकीत टाकून कोल्हापूरला नेतो. सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर गाडी तपासली तर ‘आजोबांची आठवण आहे’ हे उत्तर चालत नाही. आधी मृत्यूचा दाखला आणि परवान्याची प्रत जोडून ठाण्याला लेखी कळवा आणि ते सांगतील तशी जमा करा. पोचपावतीवर ‘एक बंदूक’ एवढंच नको. बनवणाऱ्याचं नाव, बोअर, नंबर, नळीची लांबी, घोडे बाहेर आहेत की आत, काडतुसांचा आकडा, एवढं लिहून घ्या. मागच्या लाकडी दस्त्यावर तडा असेल तर तोही लिहून घ्या, परत मिळताना वाद होत नाही.

नावावर करायची वाट शस्त्र नियम २०१६ च्या २५ व्या नियमातून जाते. परवानाधारक वारल्यावर कायदेशीर वारसाला परवाना देता येतो. शिवाय, आणि हे हयात आजोबा असलेल्या सगळ्यांसाठी, धारकाचं वय ७० झालं किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षं असली, यातलं जे आधी घडेल तेव्हापासून तो जिवंतपणीच वारस सुचवू शकतो. हा मार्ग कितीतरी सोपा, कारण सही करायला मूळ माणूस समोर असतो. तरी वारस झालात म्हणून परवाना आपोआप मिळत नाही. वय २१, पोलीस अहवाल, डॉक्टरी दाखला, हत्यार हाताळणीचं प्रशिक्षण हे सगळं नव्या अर्जदारासारखंच. बाकीच्या वारसांची संमती प्रतिज्ञापत्रावर घ्या. एका चुलत्याची हरकत फाईल वर्षभर अडवू शकते.

बेळगाव भागात अर्ज कुठे करायचा यातही गफलत होते. शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर अधिकार आयुक्तांचा, बाकी जिल्ह्यात डीसींचा, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांचा. वंशावळ नाडकचेरीतून, म्हणजे कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कार्यालयातून, निघते, कन्नडमध्ये. जुना परवाना मात्र मुंबई राज्याच्या काळातला, १९५६ च्या आधीचा असू शकतो, इंग्रजी किंवा मराठीत. त्यात आजोबा आडनावाऐवजी ‘देसाई’ किंवा ‘पाटील’ या वतनाच्या नावाने, गावाचं स्पेलिंग वेगळं, आणि जिल्हा अर्थातच ‘बेलगाम’. दोन्ही नावांचा माणूस एकच, असं प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच जोडून टाका.

नातू कोल्हापुरात कायम राहत असेल तर परवाना मागायचा तो तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि मग बंदूक एका राज्यातून दुसऱ्यात न्यायची परवानगी वेगळी. परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं. ते फक्त कर्नाटक असेल तर निपाणीहून कागलला जाणंसुद्धा क्षेत्राबाहेर जाणं आहे. चंदगडच्या पाहुण्यांकडे बंदूक घेऊन जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. माझं मत विचाराल तर घरातला जो माणूस गावी राहतो, मग ती आत्या असो की काका, त्याच्या नावावर करणं शहाणपणाचं.

खानापूर म्हटल्यावर आणखी एक कलम बघावं लागतं. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यात किंवा त्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नाव नोंदवायचं असतं, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना त्यांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. जांबोटी-कणकुंबी भागातली गावं यात येतात का, हे अर्जाआधी वनखात्याकडून पाहून घ्या. पोलीस अहवाल चांगला असूनही फाईल अडली तर बरेचदा कारण हे असतं.

काही गैरसमज इथेच झटकून टाकू. कोडगूत (कूर्ग) कोडवांना आणि जम्मा, म्हणजे तिथल्या वंशपरंपरागत, जमीनधारकांना परवान्यातून सूट आहे, तिची मुदत २०२९ पर्यंत वाढवलेली आहे. ती सूट कोडगूची. कर्नाटकाचे रहिवासी म्हणून बेळगावकरांना ती लागू होत नाही. ‘शंभर वर्षं जुनी म्हणजे अँटिक, परवाना नको’ हेही खरं नाही. कलम ४५ मधली सूट अशा जुनाट किंवा मोडक्या हत्याराला आहे जे दुरुस्त करूनही चालणार नाही. १९०५ ची घोड्याची दुनळी आजही बार काढते, म्हणजे ती बंदूकच. फायरिंग पिन काढून ठेवली म्हणून ती शोभेची वस्तू होत नाही. २०२० च्या नियमदुरुस्तीत ‘क्युरिओ’, म्हणजे जुनी संग्रहाची, हत्यारं बाळगण्याला सवलत आली, पण वापरायला, बाहेर न्यायला परवाना लागतोच आणि काडतूस मिळत नाही. आपली बंदूक त्या वर्गात बसते की नाही हे स्वतः ठरवू नका, परवाना अधिकाऱ्याचं लेखी उत्तर घ्या.

संग्रह करायची हौस असेल तर २०१९ ची दुरुस्ती वाचा. एका माणसाला दोनच बंदुका, आणि वारशाची बंदूकही त्या दोनांतच मोजतात. म्हणून ‘आणखी एक स्वस्तात मिळतेय’ असा विचार न करता, हातातली एक नीट ओळखणं हाच आपल्याकडचा संग्रह.

पाखरांविषयी. नाही. तित्तर, लावा, हरोळी, रानकोंबडा, बदक, सगळी संरक्षित आहेत. पूर्वी शिकारीचे परवाने मिळत, १९९१ च्या दुरुस्तीने ते दार बंद झालं. उसात डुक्कर शिरतं हेही परस्पर गोळी घालायचं कारण होत नाही, तिथे वनखात्याची परवानगी लागते. आजोबांची बंदूक आज उडवायची तर नेमबाजीच्या मान्य रेंजवर, मातीच्या उडत्या तबकड्यांवर. तेही पुढची तपासणी पार झाली तरच.

तपासणीची पहिली पायरी, दर वेळी: बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्याने बघा आणि बोटाने चाचपा. मग नळ्यांखालचा लाकडी तुकडा, फोरएंड, काढा आणि नळ्या वेगळ्या करा. घरात काडतुसं असतील तर ती दुसऱ्या खोलीत.

नळ्यांचा मागचा सपाट भाग, जो बंदूक मिटल्यावर लपतो, तो तिची जन्मपत्रिका. तिथे चाचणीगृहाचे ठसे असतात. लंडनचं चाचणीगृह गनमेकर्स कंपनीचं, तिची सनद १६३७ ची. बर्मिंगहॅमचं १८१३ च्या कायद्याने आलेलं. मुकुटाखाली एकमेकांवर आडवे दोन राजदंड दिसले तर बर्मिंगहॅम, १९०४ च्या आधी. एन.पी. अक्षरं किंवा ‘नायट्रो’ असा शब्द असेल तर ती बंदूक धूररहित दारूसाठी तपासलेली आहे. नसेल तर फक्त काळ्या दारूसाठी, आणि आजचं एकही काडतूस तिच्यात घालायचं नाही. १९५४ ते १९८९ च्या ठशांत दाब टनांत लिहिलेला असतो, ‘३ टन’ असा, आणि शेजारी कोठीची, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेची, लांबी. लंबगोलात ई.एल.जी. अक्षरं म्हणजे बेल्जियममधलं लीएज. प्रसिद्ध इंग्लिश नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे करून विकलेल्या बेल्जियन दुनळ्या आपल्याकडे पुष्कळ आल्या. पट्टीवरचं नाव वाचून हुरळून जाण्याआधी हा ठसा शोधा. उलट पट्टीवर कलकत्त्याच्या किंवा मुंबईच्या दुकानाचं नाव असलं तरी बंदूक बर्मिंगहॅमची असू शकते, तेव्हाची पद्धतच ती होती.

नंबर नळीवर, मागच्या यंत्रणेच्या (ॲक्शनच्या) पोलादी भागावर आणि फोरएंडच्या लोखंडावर एकच असायला हवा. तिन्ही जुळले तर बंदूक मूळची. परवान्यावरचा नंबर मात्र कधी कधी भलताच असतो, कारण कारकुनाने पेटंटचा आकडा उतरवून घेतलेला असतो. अशा वेळी अर्ज करून परवाना दुरुस्त करून घ्यायचा. बंदुकीवर नंबर कोरणं किंवा खोडणं गुन्हा आहे.

आता नळ्या. नळीवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसते का? फोरएंडखाली, जिथे हात लागत नाही तिथे बघा. दिसली तर त्या दमास्कस नळ्या, लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून सांधलेल्या. प्रत्येक वळशाला सांधा, आणि सांध्यात शंभर वर्षांचा गंज बाहेरून दिसत नाही. माझा सल्ला एकच, भिंतीवर लावा. काहींना नायट्रोचा ठसा आहे हे खरं, पण तो ठसा त्या दिवशीच्या नळीचा.

पोलादी नळ्या असतील तर मागच्या टोकाखालच्या आकड्यात, म्हणजे हुकात, दोरी अडकवून त्या लोंबत्या धरा आणि लाकडी चमच्याने हलकेच टकटक करा. घंटेसारखा लांबणारा नाद आला तर पट्ट्यांची झाळ शाबूत. ‘खट’ किंवा झणझण आली तर पट्टी कुठेतरी सुटली आहे आणि आत ओल शिरते आहे.

मग आतून तेल पुसून नळी खिडकीकडे धरा, थेट उन्हाकडे नको, पांढऱ्या भिंतीकडे. आत उजेडाची एकाआत एक वर्तुळं दिसतात. नळी हळू फिरवा. वर्तुळ एका जागी आत दबलं तर पोचा आहे. गोल काळी कडी उमटली तर तिथे नळी फुगलेली, बहुधा कधीतरी तोंडात माती अडकलेली असताना बार काढलेला. पोचा तज्ज्ञ काढू शकतो, फुगवटा घेऊन जगता येत नाही. कोठीच्या पुढच्या उतारावर बारीक खड्डे जवळपास प्रत्येक जुन्या बंदुकीत असतात. त्या काळच्या काडतुसाच्या तळातल्या पेटवत्या टोपीतल्या रसायनाचे क्षार बार काढल्यावर नळीत राहत आणि हवेतली ओल ओढून घेत. म्हणून जुने लोक आधी गरम पाणी ओतून मग तेल लावत. ती रीत बरोबर होती, सोडणाऱ्यांच्या नळ्या गेल्या.

खड्ड्यांपेक्षा महत्त्वाची नळीची जाडी. बारा बोअरचा आतला व्यास ०.७२९ इंच. मागच्या टोकापासून नऊ इंचांवर मोजतात. जुन्या ‘१२’ ठशाची नळी ०.७४० पर्यंत गेली असेल तर ती चाचणीच्या मापाबाहेर. भिंत कुठेही २० थाउंपेक्षा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा, पातळ असेल तर विषय संपला. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या टर्नरकडे बोअर गेज असतो आणि ‘थाउ’ त्याला शिकवायची गरज नाही, पण बंदुकीची दुरुस्ती किंवा चाचणी त्या कामाचा परवाना असलेल्या कारागिरानेच करायची असा कायदा आहे. शिवाय होनिंग करून, म्हणजे नळी आतून घासून, खड्डे घालवले की नळी चकाकते आणि पातळ होते. चकाकी पाहून विकत घेणारा फसतो तो इथेच. त्यासाठीच्या परवान्याविना नळी कापून आखूड करणं तर सरळ गुन्हा. परवान्याच्या सोयीची तरतूदही किमान २० इंची नळीच्या बंदुकीलाच लागू आहे.

सांधा बघायला फोरएंड काढलेल्या अवस्थेत नळ्या जोडून मिटवा आणि आडव्या-उभ्या हलवा. कुरकुर किंवा खुटखुट आली, किंवा मिटलेल्या फटीतून उजेड दिसला, तर आकडा झिजलाय. बार काढताना काडतुसाचा तळ मागे ढकलला जातो, टोपी फाटून वायू तोंडावर येऊ शकतो. दस्त्यात लॉकच्या, म्हणजे घोड्याच्या यंत्रणेच्या, मागे केसासारखे तडे बघा. तिथलं लाकूड तेल पिऊन काळं, मऊ झालेलं असतं. कारण बंदूक वर्षानुवर्षं दस्ता खाली करून उभी ठेवलेली.

काडतुसांत दोन धोके. जुन्या इंग्लिश बंदुकीची कोठी बहुधा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटर. आजची काडतुसं पुष्कळदा पावणेतीन इंची, ७० ची. खोक्यावरचा आकडा बार उडून तोंड उघडल्यानंतरच्या लांबीचा. म्हणून ७० चं काडतूस आखूड कोठीत व्यवस्थित बसतं आणि माणूस निश्चिंत होतो. उघडायला जागा नसते, तोंड पुढच्या उतारात शिरतं आणि दाब चढतो. दुसरा धोका वीस बोअरचा. ते काडतूस बारा बोअरच्या कोठीतून घसरून पुढे अडकतं, मागून बघितलं तर नळी रिकामी वाटते, त्यामागे बारा बोअरचं बसतं आणि नळी फाटते. घरात दोन्ही बोअर असतील तर एकाच खिशात कधीच नकोत. आजोबांच्या ट्रंकेतली फुगलेली कागदी काडतुसं उडवायची, सोलायची, पाण्यात टाकायची नाहीत. बंदुकीबरोबर मोजून जमा करा.

पावसाळा हा आपल्याकडचा खरा शत्रू. जुनी चामडी पेटी दिसायला राजेशाही, पण चामडं ओल धरतं आणि त्यातलं आम्ल नळीला लागतं. पेटी वेगळी जपा, बंदूक वेगळी. नळ्यांना तेलाचा पातळ हात, बोटाला जेमतेम लागेल इतकाच. उभी ठेवायची तर नळी खाली, दस्ता वर. कुलूपबंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दाणे रंग बदलले की बाहेर काढून मंद आचेवर सुकवा. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी उघडून पुसा. रिकामा घोडा ओढून खट्ट करायची सवय मोडा. जुन्या पिना त्यानेच तुटतात. स्प्रिंग सैल करायची तर खोटी काडतुसं, स्नॅप कॅप, घालून.

निवडणूक आली की बंदूक पुन्हा ठाण्यात जाते. त्या आधी नळ्यांना आतून-बाहेरून नेहमीपेक्षा जाड ग्रीस, वर तेलकट सुती कापड, त्यावर कापडी खोळ. प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो. सगळ्या बाजूंचे फोटो तारखेसह काढून ठेवा. परत घेताना तिथल्या तिथे बंदूक मोडून दोन्ही नळ्या उजेडाकडे धरा. दोन-तीन महिन्यांत कुंभारीण नळीत मातीचं घर करून बसते, आणि बाहेरून त्याचा पत्ताही लागत नाही. घरी येऊन आधी गज घालून ती माती काढायची, ग्रीस पुसायचं आणि पातळ तेलाचा हात द्यायचा.